भाच्याने गाळलेली पहिली सातूची व्हिस्की

आधी मत सांगते, कारणं मागून. ही व्हिस्की चांगली आहे. साखरेचा एक दाणाही न घालता, नुसत्या सातूच्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांपासून) पहिल्याच खेपेला केली म्हणून तर तिचं कौतुक आहेच. पण कोणी केली, कुठे केली हे न सांगता माझ्यापुढे ठेवली असती तरी मी ग्लास संपवला असता. तिच्यात दोन दोष आहेत. एक नाकाला कळतो, दुसरा हिशेब मांडल्यावर. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण भाच्याने तेच मागितलंय. "मावशी, छान आहे एवढंच सांगू नकोस, लॅबमध्ये रिपोर्ट लिहायचीस तसं लिही," असं तो म्हणाला.

ही व्हिस्की विकत मिळत नाही. भाचा न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चमध्ये राहतो. त्या देशात 1996 पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याने मुभा आहे. विकायला मात्र नाही. दिवाळीला सांगलीला येताना त्याने अर्ध्या लिटरची एक बाटली आणली. प्रवाशाला दोन लिटरपर्यंतची सवलत असते, तिच्यात ती बसली. माझ्याकडे पिण्याचा परवाना आहे.

हे वाचून इथे कोणी पातेलं आणि नळी जोडायला बसणार असेल तर त्याने बसू नये. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि घरी दारू गाळणं हा त्याखाली गुन्हा आहे. गॅसच्या शेगडीवर अल्कोहोलची वाफ ही थट्टेची गोष्टही नाही. मी लिहितेय ते चव कळावी म्हणून आणि धान्याची दारू म्हणजे काय हे लोकांना कळावं म्हणून.

कारण आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. दुकानात व्हिस्की म्हणून मिळणाऱ्या भारतीय बाटल्यांपैकी स्वस्तातल्या बऱ्याचशा बाटल्यांचा पाया मळीचं स्पिरिट असतो. त्यात थोडं माल्टचं स्पिरिट, कधी थोडी स्कॉच, रंगाला कॅरॅमल. युरोपात अशा दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथल्या नियमाने व्हिस्की धान्याचीच हवी आणि लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली हवी. मळीचं स्पिरिट वाईट असतं असं मी म्हणणार नाही. माझी सगळी नोकरी त्यावरच झाली.

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात केमिस्ट्री केली, मग पुण्याजवळ मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला अल्कोहोलचं शिक्षण घेतलं आणि वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला लागले, ती निवृत्त होईपर्यंत. मळी आली की ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, बघायचा, आंबवायच्या टाकीचं, म्हणजे फर्मेंटरचं, तापमान बघायचं, वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या पाण्यात, किती अल्कोहोल तयार झालं ते काढायचं, आणि शेवटी स्पिरिट तपासायचं. आमच्या कामाचा सगळा जोर वास घालवण्यावर. गाळायच्या उंच नळकांड्या, म्हणजे कॉलममागून कॉलम, मध्ये पाणी घालून पुन्हा पातळ करायचं, म्हणजे नको असलेले घटक वर निघून जातात, मग पुन्हा 96 टक्क्यांपर्यंत चढवायचं. त्याला ईएनए, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणतात. ते किती स्वच्छ झालं हे बघायला पोटॅशियम परमँगनेटचे थेंब टाकायचे आणि घड्याळ लावायचं. जांभळा रंग जितका जास्त वेळ टिकेल तितकं स्पिरिट चांगलं. चांगल्या ईएनएला कसलाच वास नसतो. ते मळीचं आहे, मक्याचं आहे की तुकडा तांदळाचं, हे नाकाने सांगता येऊ नये, हेच त्याचं यश.

भाच्याला नेमकं उलटं करायचं होतं. दाण्याचा वास शेवटपर्यंत टिकवायचा होता. आयुष्यभर जो वास आम्ही मोजून मोजून बाहेर काढला, तो कसा ठेवायचा हे त्याने मला विचारलं, आणि खरं सांगते, इतक्या आनंदाने मी कुणाला काही शिकवलं नसेल. तो तिकडे गॅरेजमध्ये आणि मी इकडे विश्रामबागेत जेवणाच्या टेबलावर, मध्ये व्हिडिओ कॉल. त्याचं शिक्षण कॉम्प्युटरचं, पण बिअर तो काही वर्षं घरी करत होता. त्यामुळे धान्य, यीस्ट, तापमान यांची भीती नव्हती.

माल्ट त्याने ग्लॅडफील्डचा घेतला. क्राइस्टचर्चजवळ डनसँडेलला ही माल्ट करणारी कंपनी आहे, सातू तिथल्याच कँटरबरीच्या शेतातला. अठरा किलो, सहा-सहा किलोचे तीन घाणे. भरड चांगली काढली होती, हे फोटोवरूनच दिसत होतं. दाणा फुटलेला, पण टरफल अखंड. टरफलाचं पीठ झालं की पुढे गाळताना सगळं तुंबतं. त्याच टरफलांच्या थरातून तर गोड पाणी गाळून घ्यायचं असतं.

पहिल्या घाण्याला जी गंमत झाली ती सांगायलाच हवी. सातूच्या स्टार्चची साखर करणारी एन्झाइम दाण्यातच असतात, मोड आणल्यावर ती जागी होतात. पण त्यांना तापमान नेमकं लागतं. एक साधारण 60 ते 65 अंशांत जोमाने काम करतं आणि यीस्टला सहज खाता येईल अशी साखर देतं. दुसरं 70 च्या आसपास खूश असतं, पण त्याने अशा लांब साखळ्याही उरतात ज्या यीस्टला पचत नाहीत. व्हिस्कीला पहिलं जास्त हवं. भाच्याने 72 अंशांचं पाणी घेतलं, त्यात भरड मिसळली, पारा बरोबर 65 वर आला. तासाभराने बशीत थेंब घेऊन आयोडीन टाकलं तर गडद निळं.

"मावशी, अजून निळंच येतंय गं."

"झाकण किती वेळा उघडलंस?"

तिकडे जुलै. आपल्याकडे पावसाळा, त्यांच्याकडे कडाक्याचा हिवाळा. गॅरेजमध्ये आठ-नऊ अंश. तो दर पाच मिनिटांनी उघडून बघत होता आणि आतलं तापमान घसरत 58 वर आलं होतं. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, जाताना त्याच्याबरोबर जुन्या लुगड्यांची वाकळ दिली होती. ती काढायला लावली, पातेल्याला दोन वेढे दिले, थोडं कढत पाणी घालून पारा वर आणला आणि झाकणाला हात लावायचा नाही असं बजावलं. पुढच्या थेंबाला आयोडीनचा रंग पिवळसर तपकिरीच राहिला. स्टार्च संपला, साखर झाली. त्याचा चेहरा बघायला हवा होता. मी ही टेस्ट कॉलेजात केली तेवढीच, कारण मळीला तिची गरज नसते, मळीत साखर आयतीच असते. कॉलेजनंतर इतक्या उत्सुकतेने मी त्या बशीकडे बघितलं नव्हतं.

आता पहिला दोष, हिशेबातला. गोड पाणी गाळून झाल्यावर भाच्याने ते तासभर उकळलं. बिअरची सवय. बिअरला उकळावंच लागतं, हॉप्ससाठी, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या फुलांसाठी, आणि जंतू मारण्यासाठी. व्हिस्कीला उकळत नाहीत. स्कॉटलंडमधल्या माल्ट डिस्टिलऱ्या हे पाणी थंड करून सरळ फर्मेंटरमध्ये घेतात. न उकळल्यामुळे एन्झाइम जिवंत राहतात आणि यीस्ट साखर खात असताना ती उरलेल्या लांब साखळ्या तोडत राहतात. शिवाय दाण्यावरचे दुधाचं दही करणाऱ्या जातीचे जंतूही थोडे उरतात; शेवटच्या टप्प्यात ते फळासारखे वास तयार व्हायला मदत करतात. भाच्याने उकळून दोन्ही घालवलं. पाण्याची घनता 1.000; साखर संपेल तसा आकडा खाली येतो. वॉश 1.058 घनतेला सुरू झाला आणि 1.012 वर येऊन अडकला. म्हणजे साधारण सहा टक्के अल्कोहोल. न उकळता तो 1.000 च्याही आसपास गेला असता, साडेसात टक्के मिळाले असते.

तिन्ही घाणे मिळून जवळपास चार लिटर शुद्ध अल्कोहोल तयार झालं. चांगली माल्ट डिस्टिलरी एक टन माल्टमधून 400 लिटरच्या आसपास काढते, म्हणजे अठरा किलोला सात लिटर. घरच्या भांड्यात सात निघणार नाहीत, हे मान्य. पण पाच निघायला हवे होते. बाटलीतही हे कळतं. या व्हिस्कीत धान्य भरपूर आहे, फळ कमी आहे. नाक लावल्यावर भाजल्याचे, पिठाचे, गोडसर वास येतात. पेर, सफरचंद, केळं या बाजूचं काही फारसं येत नाही. पुढच्या खेपेला उकळायचं नाही, एवढं त्याने केलं तरी फरक पडेल.

यीस्ट त्याने एल जातीच्या बिअरचं वापरलं. हिटिंग बेल्ट लावून वीस अंशांवर ठेवलं आणि घाई केली नाही. याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

गाळण्याचं भांडं तांब्याचं, पंचवीस लिटरचं, विजेवर चालणारं. मी आधी सांध्यांचे फोटो मागवले. डाग कशाचा दिलाय, शिसं तर नाही ना, हे बघितल्याशिवाय मी त्याला बटण दाबू दिलं नसतं. शिसं नव्हतं. तांब्याचा आग्रह लोक शोभेसाठी धरतात असं काहींना वाटतं. तसं नाही. यीस्टमुळे गंधकाचे काही वास तयार होतात, उकडलेल्या कोबीच्या जातीचे. गरम वाफ तांब्याला लागली की ते तांब्यावर अडकून राहतात. याच दारूला नुसत्या स्टीलच्या भांड्यात गाळलं असतं तर बाटली उघडल्या उघडल्या कळलं असतं. या बाटलीत गंधक औषधालाही नाही.

दोनदा गाळली. पहिल्यांदा तिन्ही वॉश जलद गाळून अठ्ठावीस टक्क्यांचं पाणचट स्पिरिट केलं. दुसऱ्यांदा तेच सगळं एकत्र करून अगदी मंद, थेंब थेंब. आणि इथेच खरी परीक्षा. भांड्यातून येतं ते सगळं सारखं नसतं. आधी येतं त्यात अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेट जास्त, नाकाला झोंबणारं, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखं. ते टाकायचं. मग मधलं, पिण्याचं. शेवटी जड अल्कोहोल आणि तेलकट आम्लं येतात, त्याला ओल्या पुठ्ठ्याचा, ओल्या गोणपाटाचा वास. ते बाजूला काढून पुढच्या खेपेत मिसळायचं. यांच्यामध्ये भिंत नसते. एक हळूहळू दुसऱ्यात शिरतं. आमच्या भागात गुऱ्हाळावर गुळव्या जसा पाण्यात पाकाची गोळी बघून काहील उतरवायची वेळ ठरवतो, तसंच हे आहे. थर्मामीटर मदत करतो, ठरवत नाही.

मी त्याला लहान लहान बरण्यांना नंबर घालून त्यांत पाव-पाव लिटर धरायला सांगितलं. प्रत्येकीवर टक्के लिहायचे, वर फडकं बांधून रात्रभर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ताज्या नाकाने, निम्मं पाणी घालून वास घ्यायचा. पाणी घातल्याशिवाय ७० टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये नाक काहीच सांगत नाही, नुसतं जळतं. त्याने ते सगळं इमानदारीने केलं. सुरुवातीचा भाग तर त्याने माझ्यापेक्षाही कडक कापला. चांगल्या दोन बरण्या त्याने संशयाने बाहेर ठेवल्या. पहिल्यांदा करणाऱ्याने तसंच करावं.

मिथेनॉलबद्दल इथेच लिहिते, कारण बाटली बघितल्यावर प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती मिथेनॉलने गेली, आणि असे बळी जातात ते कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. धान्य आंबवताना मिथेनॉल अगदी नाममात्र तयार होतं, कारण ते मुख्यतः फळांच्या सालीतल्या पेक्टिनपासून येतं. उलट, सुरुवातीचे थेंब टाकले की सगळं मिथेनॉल गेलं, हाही समज चुकीचा आहे. ते थोडंथोडं सगळ्या धारेत येत राहतं. म्हणून मिथेनॉल मिसळलेली दारू पुन्हा गाळून शुद्ध होत नाही. कुठून आली हे माहीत नसलेली सुटी दारू कधीही तोंडाला लावू नका. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाचं हे म्हणणं कृपा करून ऐका.

दुसरा दोष, नाकाला कळणारा, शेवटच्या बाजूचा आहे. भाच्याने मधला भाग 76 टक्क्यांपासून धरला आणि 55 पर्यंत चालू ठेवला. 62 ला थांबायला हवं होतं. बाटली उघडून ग्लासात ओतली की पहिल्या वासात काही नाही, गोडच आहे. पाच-सात मिनिटांनी, विशेषतः पाणी घातल्यावर, मागून एक ओलसर गोणपाटाचा वास येतो. फार नाही. ज्याला माहीत नाही त्याला हा मुरल्याचा वास वाटेल. पण मी तो ओळखते, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडवटपणा राहतो तोही त्याचाच. माल किती थोडा निघाला हे बघून त्याचा हात आखडला असणार. 18 किलो धान्यातून जेमतेम पाच-साडेपाच लिटर व्हिस्की उरते तेव्हा शेवटच्या दोन बरण्या बाजूला ठेवणं जिवावर येतं. तरी ठेवायच्या. त्या वाया जात नाहीत, पुढच्या घाण्यात जातात.

आता गुण, आणि ते जास्त आहेत.

रंग फिका, जुन्या तुपासारखा नाही की गडद चहासारखाही नाही, उन्हात वाळलेल्या कडब्याच्या जवळचा. मला हे फार आवडलं. घरी करणारे बहुतेक लोक नवीन ओकच्या भाजलेल्या काठ्या काचेच्या बरणीत खच्चून भरतात आणि काही आठवड्यांत व्हिस्की सुतारखान्यासारखी लागते. भाच्याने चार लिटर, 60 टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये मोजक्याच काठ्या घातल्या, महिन्या-दोन महिन्यांनी चाखत राहिला आणि वर्ष व्हायच्या आत काढून घेतल्या. बाटलीत 44 टक्के. तीन वर्षांच्या नियमाने ही व्हिस्की नव्हेच, आणि त्याने लेबलवर तसं प्रामाणिकपणे लिहिलंय: धान्य कोणतं, किती, कधी गाळली, लाकडात किती काळ. विकत घेतलेल्या कितीतरी बाटल्यांवर एवढी माहिती नसते.

वास घेताना मी ग्लास थोडा लांब धरते, ही लॅबची सवय. आधी आला तो सातूच्या पिठाचा वास, दुधात कालवायच्या आधीचा, कोरडा, भाजका. मग शाळूच्या लाह्या. मग हळूहळू बेदाणा, तोही तासगावच्या शेडमध्ये येतो तसा, अजून पूर्ण न वाळलेला, आंबटगोड. व्हॅनिला आहे, पण मागे, ओकने दिलेला. तोंडात पहिला घोट दाट, भरलेला आहे, पातळ नाही. गोडी आहे पण साखरेची नाही, नीट चावलेल्या भाकरीची जी गोडी शेवटी येते ती. मग थोडी मिरी, मग तो मघाचा कडवटपणा.

शेजारी अण्णा आहेत, हळदीच्या पेठेत अडत होती. हळकुंड मोडून वासावरून माल कुठला आणि कधीचा हे सांगणारे. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतून काढलेली हळद त्यांनी उमेदीत हाताळलेली आहे. ते वर्षात एखाद-दुसऱ्या वेळीच घेतात. त्यांना काही न सांगता ग्लास दिला. बराच वेळ नुसता वास घेतला आणि म्हणाले, "ताई, ह्यात मोड आल्याला दाणा हाय. आणि तो चुलीवर न्हाई, गरम हवेवर वाळवल्याला हाय." माल्ट तसाच वाळवतात. मला त्या क्षणी भाच्याचा फार अभिमान वाटला. गॅरेजात दोनदा गाळून, लाकडात मुरवून, समुद्र ओलांडून आलेल्या दारूतून सांगलीतल्या एका माणसाला दाणा कसा वाळवला हे कळतं, तर ती करणाऱ्याने काम नीट केलंय. मळीच्या ईएनएवर उभ्या असलेल्या व्हिस्कीला हे कधीही जमणार नाही, आणि ते माझ्यासारख्यांनी जमू नये म्हणूनच पगार घेतलाय.

शेजारी ठेवून बघायला मी गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स घेतली होती. तीही धान्याची, धुराचा वास नसलेली, 46 टक्के. भारतात सहा रांगांचा (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असणारा) सातू होतो, ती त्याचीच. गुळगुळीतपणात, मागे उरणाऱ्या चवीत ती पुष्कळ पुढे आहे, यात प्रश्नच नाही. तिच्यामागे पिंपं आहेत, गोव्याची उष्ण हवा आहे जी लाकडातून काम लवकर करून घेते, आणि ही कामं रोज करणारी माणसं आहेत. पण नुसत्या दाण्याच्या वासात भाच्याची मागे नाही. ब्रिलियन्समध्ये लाकूड आणि मध आधी बोलतात, धान्य मग येतं. इथे धान्य आधी येतं आणि शेवटपर्यंत जात नाही. भारतीय सिंगल माल्टने, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या माल्टपासून केलेल्या व्हिस्कीने, जगाला नाव सांगितलं ते 2004 मध्ये, बेंगळुरूच्या अमृत कंपनीने स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत बाटली उघडली तेव्हा. तेव्हापासून आपल्याकडे चांगल्या बाटल्या बऱ्याच झाल्या, पण त्या बहुतेक लाकडाच्या श्रीमंतीवर उभ्या आहेत. एवढी उघडी, सातू समोर ठेवणारी चव मला त्यांत कमी सापडली.

पिण्याबद्दल थोडं. बर्फ घालू नका. घातलात तर ही व्हिस्की धुरकट होते, तेव्हा घाबरू नका. माझ्या मेव्हण्यांनी ग्लास बाजूला सारला होता, भेसळ आहे म्हणून. भेसळ नाही. धान्याच्या स्पिरिटमध्ये तेलकट घटक असतात, ते 46 टक्क्यांच्या खाली आणि थंडीत विरघळून राहत नाहीत. मोठ्या कंपन्या व्हिस्की थंड करून गाळणीतून काढतात आणि ते काढून टाकतात, म्हणजे ग्लास स्वच्छ दिसतो. त्याबरोबर थोडा दाटपणाही जातो. भाच्याने असं गाळणीतून काढलं नाही, चांगलं केलं. साधं पाणी, तेही फिल्टरचं, चमचाभर. आपल्या नळाच्या पाण्याची स्वतःची चव या दारूला झाकते.

आणि भडंग नको. मी सांगलीची असून हे लिहितेय. लसूण, तिखट आणि तेल यांच्यापुढे हिचा दाणा टिकत नाही. मीठ न लावलेले भाजके शेंगदाणे किंवा नुसत्या लाह्या घ्या.

कोणाला आवडणार नाही? ज्यांना धुराची, पीटची (माल्ट वाळवताना जाळतात ती दलदलीतली माती) सवय आहे त्यांना ही साधी वाटेल. ज्यांना सोड्याबरोबर लागते त्यांनी हिच्या वाट्याला जाऊ नये, सोड्यात ती हरवते. दहापैकी मी साडेसहा देते. न उकळता केली असती आणि 62 ला थांबली असती तर आठ दिले असते, आणि हे मी पहिल्या खेपेच्या बाटलीबद्दल बोलतेय.

पुढच्या खेपेला त्याला शाळू घालायचाय. हे ऐकून मला फार बरं वाटलं, पण मी त्याला घाई करू दिली नाही. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, सत्तरच्या वर, आणि त्या तापमानाला सातूचं ते 60 ते 65 अंशांचं एन्झाइम मरतं. म्हणून आधी ज्वारीची भरड वेगळी शिजवून घ्यायची, 65 वर आणायची आणि मग सातूचा माल्ट घालायचा. ज्वारीला मोड आणायचे असतील तर आणखी एक गोष्ट. कोवळ्या ज्वारीच्या कोंबात सायनाइड देणारा घटक असतो. जनावरांना कोवळी ताटं लागून विषबाधा होते ती त्यानेच. मोड वाळवून, कोंब आणि मुळ्या पूर्ण चोळून काढल्याशिवाय तो दाणा वापरायचा नाही. त्याने मोड आणूच नयेत, नुसती शिजवलेली ज्वारी घ्यावी, असं माझं मत आहे.

ज्वारीची दारू ही काही नवी कल्पना नाही. चीनमध्ये बायज्यू मुख्यतः ज्वारीचीच असते. आपल्याकडे 2007 मध्ये राज्य सरकारने धान्यापासून अल्कोहोल करायला प्रोत्साहन दिलं आणि पुढे ज्वारी-बाजरी दारूला द्यायची का, यावरून मोठा वाद झाला. माणसाच्या ताटातलं धान्य दारूला जाऊ नये असं तेव्हा म्हणणाऱ्यांचं मला पटलं होतं, आजही पटतं. पण त्या सगळ्या धान्यापासून करायचं होतं ते पुन्हा वास नसलेलं स्पिरिटच. दाणा वापरायचा आणि त्याची ओळख पुसून टाकायची. भाचा वापरतो ते अठरा किलो धान्य, आणि त्याची ओळख बाटलीत उतरवायला बघतो.

प्रमाण मी त्याला लिहून पाठवलंय: सातू 70, शाळू 30, त्यापेक्षा जास्त शाळू पहिल्यांदा नको. तांदळाचं टरफल मूठभर, कारण ज्वारीला टरफल नसतं आणि गाळताना तुंबेल. उकळायचं नाही. बरण्यांना नंबर. 62 ला थांब. लाकूड याहूनही कमी.